बांगडीचं माप

रविवारी सकाळी नऊ वाजता सिंगापुरातल्या पुंगोलच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कस्तुरीचा फोन वाजला. ती अंघोळीला गेली होती. पडद्यावर हेमचंद्रचं नाव दिसलं, म्हणून तिच्या नवऱ्यानं, निशिकांतनं, तो उचलला.

हेमचंद्र अलास्कात बंदुकांच्या दुकानात उभा होता. तिथे अजून शनिवारची संध्याकाळ होती. तो आणि कस्तुरी तिथल्या जंगलात सहा आठवडे मातीचे नमुने गोळा करणार होते. शुक्रवारी तिचं विमान होतं.

"बरं झालं निशिकांतराव, तुम्हीच भेटलात. अस्वलांसाठी घेतोय." त्यानं दोन हत्यारं कॅमेऱ्यासमोर धरली. "या पिस्तुलात पंधरा गोळ्या, पण मूठ जाड. या रिव्हॉल्व्हरमध्ये सहाच, पण मूठ बारीक."

"तुमच्या हातात बसेल ते घ्या."

"मला दोन्ही बसतात. कमरेला मीच लावणार. पण अस्वलानं मलाच लोळवलं तर? कस्तुरीलाच उचलावं लागेल. तिचं बोट चापापर्यंत पोचायला हवं." तो हसला. "साताऱ्याला आमचं बांगड्यांचं दुकान. माप कळलं की हात डोळ्यांसमोर येतो. तिचं सव्वादोन असावं. बरोबर ना?"

बरोबर होतं. मागे पुण्याहून निशिकांतनं अडीचच्या आणल्या होत्या. त्या ढगळ झाल्या आणि अजून डब्यात पडून होत्या. हा माणूस वर्षभर तिच्या लॅबमध्ये काय होता, आणि त्याला नुसत्या नजरेनं कळलं होतं.

"अडीच," निशिकांत म्हणाला.

"अडीच? नक्की?"

"बायको माझी आहे, हेमचंद्र."

"मान्य. मग पंधरा गोळ्यांचं घेतो. पहाटे मी तळावर निघतोय, तिथे फोन लागत नाही. तिला सांगा."

कस्तुरी केस पुसत बाहेर आली. "कुणाचा होता?"

"हेमचंद्रचा. पिस्तूल घेतोय. तुझ्या बांगडीचं माप विचारत होता."

"घरचं दुकान सोडून इतकी वर्षं झाली, तरी सवय जात नाही त्याची. मग?"

"सांगितलं."

ती थांबली. "तुझ्या लक्षात होतं?"

निशिकांतनं होकारार्थी मान हलवली. तिनं जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काचेच्या दोन हिरव्या बांगड्या त्याच्या कानाशी वाजल्या. "आणि मी समजत होते, तुझं लक्षच नसतं."

टेबलावर तिचा फोन थरथरला. काळ्या पिस्तुलाचा फोटो, आणि खाली एक ओळ: 'अजून काउंटरवरच आहे. एकदा कस्तुरीलाही विचारा.'

"काय म्हणतोय?" तिनं हात पुढे केला.

निशिकांतनं फोन पालथा घातला.

"पिस्तुलाचा फोटो आहे."

"मग दाखव की," ती म्हणाली. तिचा हात पुढेच होता.