नेसून दाखवणारा माणूस

निऱ्यांची चौथी घडी बोटांत होती, तेव्हा त्याला आरशात आपली मुलगी दिसली.

काचेच्या दारातून ती दुकानात येत होती आणि तिच्या पुढे एक धिप्पाड बाई. बाई फोटोतली होती. जावई व्हायच्या मुलाशेजारी उभी असलेली ती विहीण महिनाभर त्याच्या घरातल्या कपाटावरून त्याच्याकडे बघत होती. आता ती चपला काढून गादीवर बसत होती, आणि हा तिच्यापासून सात पावलांवर, पॅन्टवरून मोरपिशी रेशीम गुंडाळून उभा होता.

हातमागाची रेशमी साडी घडीत गप्प असते. अंगावर पडली की बोलते. म्हणून या दुकानात एक माणूस ती स्वतः नेसून दाखवायचा. बावीस वर्षं तो माणूस हाच होता. पदर टाकून मान वेळावायचा, चार पावलं ठसक्यात चालायचा. बायका आधी हसायच्या आणि मग घ्यायच्या. बरोबरीचे त्याला राणीसाहेब म्हणायचे. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदाच वाटलं.

कारण विहिणीच्या लेखी तो रेशमाचा मोठा व्यापारी होता. खोटं तसं कोणीच बोललं नव्हतं. मंडळी मुलगी बघायला आली त्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही. बायको म्हणाली, "दुकान सोडून येता येत नाही हो त्यांना." पाहुण्यांनी दुकान त्याच्या नावावर करून टाकलं, आणि घरच्यांनी ते परत केलं नाही. खोटं बोलायला निदान जीभ हलवावी लागते. खरं न बोलण्याला तेवढेही कष्ट नाहीत.

लेकीनेही त्याला पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"काकू, इथे नको. इथला माल जुना असतो."

"अगं, दारावर सवलतीची पाटी आहे. बघायला काय जातंय?"

गल्ल्यावरून मालक ओरडले, "राणीसाहेब! ते सोडा आता. या मुलीसाठी लग्नाची दाखवा."

मागचं दार उघडं होतं. पण पळायचं तर मालकाचं रेशीम अंगावर. सोयरीक मोडणार ती मोडणार, वर चोरीचा आळ. तो पुढे झाला.

तांबडी नेसला. लेकीकडे बघायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं. विहीणबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं, टाचलेली चिठ्ठी बोटाने सारली, टोक उलटून नीट पाहिलं आणि सोडून दिलं.

"काठ फार रुंद."

जांभळी नेसला. पुन्हा टोक, पुन्हा उलटी बाजू.

"रंग डोळ्यांत घुसतो."

बाई पारखी दिसते, त्याच्या मनात आलं. हातमागाचं काम उलट्या बाजूनेच ओळखायचं असतं. अशी बाई माणूसही उलटून बघणार. त्याच्या मानेवरून घाम खाली ओघळला. तो रेशमावर पडू नये म्हणून त्याने मान तिरकी केली, तर बाजूचे दोघे विक्रेते नखरा समजून हसले.

तिसरी सोनेरी, भरजरी. ती पाहताना बाईंचा श्वासच अडकला. मग त्या म्हणाल्या, "फार जड. ही पोरगी साडी नेसेल, की साडीच पोरीला नेसेल?"

मालकांच्या कपाळाला आठी पडली. चौथी गुलाबी. तो निऱ्या घालू लागला.

"हात छान बसलाय हो तुमचा," बाई सहज म्हणाल्या. "घरी लेकीला तुम्हीच नेसवत असाल?"

"मला मुलगी नाही, ताई."

हे शब्द इतक्या सहज बाहेर पडले की त्याचाच त्यांच्यावर विश्वास बसेना. आणि बावीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. कमरेच्या निऱ्या सुटल्या आणि सगळं गुलाबी रेशीम सळसळत त्याच्या पायांवर आलं.

लेक उठली. त्याच्या पुढ्यात खाली बसली आणि एकेक निरी गोळा करू लागली.

"आहे," ती म्हणाली. "मीच आहे. बाबा, हलू नका. अजून सुटतायत."

विहीणबाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"म्हणजे हे दुकान...?"

"मालकांचं."

"मग तुमचं दुसरं असेल?"

"नाही, ताई. पगारी माणूस आहे मी. नेसून दाखवतो." त्याने हात जोडले. पदर घसरून कोपरावर आला. "यात पोरीचा काही दोष नाही. बोल लावायचा तर मला लावा."

बाई गादीवर जरा मागे सरकल्या, तक्क्याला टेकल्या आणि पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या. लेक निऱ्या हातात धरून तशीच बसून होती. आता नकाराचा शब्द येईल, त्याने मनाशी म्हटलं, आणि डोळे मिटले.

"धन्य आहात हो, व्याही!" बाई म्हणाल्या. "महिनाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. रेशमाच्या व्यापाऱ्याची लेक सून करायची, तर तिला नेसवू काय? सकाळपासून हे चौथं दुकान; चिठ्ठीवरचा आकडा वाचायचा आणि नावं ठेवायची काठाला! आता ती श्रीमंती उतरवा अंगावरनं, आणि आम्हाला झेपेल असं काहीतरी नेसून दाखवा."