काचेच्या गिलासातला केस

ललिता मुदतीच्या तापातून उठली ते साल एकोणसाठ. ताप एकवीस दिवसांनी गेला आणि दोन महिन्यांनी तिचे केस जायला लागले.

तिची आई भागीरथा पोलाद कारखान्याच्या मजुरांच्या कॅम्पातल्या टिनाच्या घरासमोर काचेचा गिलास घेऊन बसली होती. गिलासात ललिताचा केस होता. तो थोडा वेळ वर राहिला, मग वाकला आणि तळाला गेला.

"आणखी एक दे."

"माय, हा पाचवा हाय. पाहाले येतीन तवा डोक्यावर काही राह्यनार नाही."

"तोंड बंद ठेव अन् केस दे."

ललिताला एकोणीस लागलं होतं. तापाची बातमी फुटली आणि ठरत आलेलं एक स्थळ मोडलं. हे दुसरं स्थळ लग्नं जुळवणाऱ्या ठकूबाईने आणलं होतं. मुलगा दुर्गचा, नाव चंपत, रेल्वेत पक्की नोकरी. या वेळी तापाबद्दल कोणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. अडचण होती ती चंपतच्या आईची, हिराबाईची.

"तिनं दोन पोरी केसावरून नापास केल्या," ठकूबाईने सांगितलं होतं. "पहिले चिमूटभर केस धरून ओढते. मंग ओला केस ताणून पाह्यते. मंग पाण्यात टाकते. बुडला का उठली अन् चालली."

"केसात काय ठेवलं हाय एवढं?"

"ती म्हनते, माणसाचा रोग पहिले केसात दिसते."

तेव्हापासून भागीरथाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती रोज ललिताचे केस चिमटीत धरून ओढी. एके दिवशी नऊ आले, दुसऱ्या दिवशी तेरा. माक्याचा रस झाला, मेथी वाटून झाली. भाजी चुलीवर करपे आणि ती गिलासाकडे पाहत बसे.

देवाजी, ललिताचा बाप, दुर्गला जाऊन मुलगा पाहून आला.

"कसा हाय?"

"कमी बोलते. पहिले इंजनावर कोळसा टाके. आता सायबानं बसाचं काम देलं."

"मंजे बढती झाली."

"असंच असंन."

रविवारी हिराबाई आणि ठकूबाई आल्या. मुलाला डूटी होती. भागीरथाने सकाळी तासभर बारीक फणीने ललिताचे सगळे सुटे केस काढून टाकले होते. शेजारीण हसली होती, "पोरगी दाखवून राहिली का कोंबडी सोलून राहिली?"

हिराबाईने वेणी सोडवली. चिमूटभर केस धरून ओढले. दोनच आले. मग एक केस ओला करून ताणला. तो लांबला, पण तुटला नाही.

"गिलास आणा," ती म्हणाली.

गिलास भागीरथाने आणला. बोटाला तिचा स्वतःचा एक केस गुंडाळलेला होता. पोरीच्या डोक्याला हात लावल्यासारखं करून तिने तो पाण्यात सोडला. केस तरंगला.

हिराबाईने तो उचलून दाराच्या उजेडात धरला. हे ठकूबाईने सांगितलं नव्हतं. तेव्हा भागीरथालाही दिसलं. केस मुळाकडे अर्धं बोट पांढरा होता.

हिराबाईने एकदा ललिताच्या काळ्याभोर भांगाकडे पाहिलं. मग बोटं पदराला पुसली.

"चांगला हाय केस," ती म्हणाली. "चहा करा."

चहा पिताना तिने ललिताला विचारलं, "घमेलं उचललं हाय का कधी?"

"एक साल रेजा होती मी, माती-गारा वाहाची. कारखान्याची भट्टी बांधून राहिले होते तवा."

"रात्री उठाची सवय हाय? डूटीवाल्याच्या घरी उठा लागते."

"उठीन."

हिराबाईने मान हलवली आणि गेली.

भागीरथा नकाराची वाट पाहू लागली. तिसऱ्या दिवशी ठकूबाई आली ती दारातूनच हसत. होकार होता. लग्न येत्या रविवारी.

"एवढ्या घाईनं?"

"दीक्षा घेतली तवा आपुन मुहूर्त सोडले ना? मंग कोनता दिवस वाईट हाय?"

देवाजीला ते पटलं. भागीरथाला चैन पडेना.

"तिनं पाह्यलं होतं जी," ती नवऱ्याला म्हणाली. "पांढरा केस तिनं डोळ्यानं पाह्यला. मंग बोलली कावून नाही?"

"मोठ्या मनाची बाई हाय, समज. तुले नकार पाह्यजे होता का?"

बावीस नोव्हेंबरला लग्न झालं. ललिता पांढऱ्या लुगड्यात होती. वंदना झाली, हार घातले. चंपतच्या अंगात सैल कोट होता. ललिताचा मामा टिकाराम म्हणाला, "जवायाचा कोट मोठ्या भावाचा दिसते." सगळे हसले. चंपतही हसला.

पंधरा दिवसांनी भागीरथा कॅम्पाजवळच्या पावर हाउसच्या बाजारात गेली. तिथे उतई गावची सत्यशीला आईबरोबर वांगी निवडत होती. हिराबाईने नापास केल्या म्हणून ठकूबाईने सांगितलेल्या दोघींतली ही एक. मनगटाएवढी जाड वेणी गुडघ्यापर्यंत आली होती. भागीरथाला राहवलं नाही.

"एवढ्या केसाची पोरगी हिराबाईनं नापास कशी केली वो?"

"कोनं?" सत्यशीलाची आई म्हणाली.

"दुर्गवाल्या हिराबाईनं. चंपतच्या मायनं."

"ती कायले करते? ती तर हो म्हणून बसली होती. आमीच नाही म्हटलं."

"कावून?"

बाई वांगी पिशवीत टाकता टाकता थांबली. "तुमचं कोन हाय तिथं?"

"माही पोरगी देली. पंधरा दिवस झाले."

बाईने मुलीचा हात धरला. "चाल वो," ती मुलीला म्हणाली, आणि उरलेली वांगी टोपलीतच ठेवून निघाली.

चंपत तेरा फेब्रुवारी एकोणीसशे साठला वारला. क्षय तीन वर्षांपासून होता.