यंत्राची तक्रार

सत्य सांगणे हे कर्तव्य आहे आणि कोणाचे मन न दुखवणे हेही कर्तव्यच आहे. दोन्ही एकाच वेळी समोर ठाकली, की भल्या माणसाचीही जीभ अडखळते. त्या रविवारी अलाबामातील चर्चमध्ये ब्रदर थॅडियसची तीच गत झाली. भर स्तोत्रात त्याच्या ध्वनियंत्रावर ‘ई-७’ हा संकेत चमकला आणि स्पीकर मुके झाले. माइकमधून येणारा आवाज यंत्राला सोसवत नाही, असा त्याचा अर्थ होता. आणि तो आवाज गायकवृंदातील सिस्टर अर्लीन यांचा होता.

“काय म्हणतंय रे तुझं डबडं?” त्यांनी दरडावून विचारले.

“ते म्हणतंय, सिस्टर, तुमच्या गळ्याला माइकची गरजच नाही.”

“एवढं कळायला इतकी वर्षं लागली होय त्याला!” असे म्हणून त्यांनी माइक मोठ्या दिमाखात खाली ठेवला.

शेजारच्या सिस्टर व्हर्नेल फणकारल्या, “मग माझा गळा काय कागदाचा आहे?” त्यांनीही माइक ठेवला, पाहता पाहता साऱ्या गायकवृंदाने ठेवले. स्तोत्र असे दुमदुमले, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. यंत्रावरचा ‘ई-७’ मावळला आणि ‘ई-१’ उगवला, म्हणजे आवाजच येत नाही.

प्रभू त्या सर्व गळ्यांना असेच बळ देवो, आणि थॅडियसच्या कानांनाही.