आठची घंटा

इंग्लंडमधल्या त्या गावात रोज रात्री आठला चर्चची घंटा होते. लोक तिला अजूनही कर्फ्यूची घंटाच म्हणतात. ती वाजवायचं काम सिरिलकडे होतं, आणि ती ऐकली की घरी त्याची बायको डोरीन सूपखालचा गॅस पेटवायची.

"कर्फ्यू शब्द फ्रेंचांकडून आलाय, बाईसाहेब," दारात पाऊल टाकताच सिरिल चिडवायचा. "अर्थ काय, तर विस्तव झाका. पूर्वी अख्खं गाव मुकाट्याने झाकायचं. आणि तू घंटा ऐकून पेटवतेस!"

"गावाचं काय जातंय? घंटाघराचा जिना उतरून गारठून येतोस तू. गार सूप पुढ्यात आलं की तोंड कुणाचं वाकडं होतं?"

सिरिलला पुरून आल्यावर शेजारच्या मेव्हिसने सूप आणलं आणि गरम करायला गॅसवर ठेवलं. "दोन चमचे तरी घे गं," ती म्हणाली. डोरीन खुर्चीत नुसती बसून होती. आठ वाजले आणि घंटा झाली. आज ती दुसऱ्याच कुणीतरी वाजवली होती.



डोरीन उठली आणि तिने सूपखालचा गॅस बंद केला.