धुऱ्यापार सोडलेली मरी

सोजरबाईने चौथी ओंजळ दगडावर टाकली आणि गोट्याने चेचली. मेलेल्या अळ्यांचं काळपट पाणी झालं. नाकाला पदर लावून तिने ते गाडग्यात निथळलं, वर विहिरीचं पाणी ओतलं. सारं गाव शेलूबाजारला बाजाराला गेलेलं. उन्हं कलली होती, आणि वावरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

तिच्या हरभऱ्यात काही उरलं नव्हतं. घाट्याघाट्याला भोक, आत दाणा नाही. लढाईच्या दिवसांत रॉकेल दिव्यालाच पुरेना, अळ्या वेचून बुडवायला कुठून आणायचं? सारं खाऊन झाल्यावर आठ दिवसांपूर्वी नवंच निघालं. अळ्या झाडांच्या शेंड्यावर चढल्या आणि मागच्या पायांनी उलट्या लटकून मेल्या. काळ्या, मऊ. बोट लागलं की फुटायच्या. अळ्याही मेल्या, झाडंही वाळली. सोजरबाईने ओळखलं, वावराला मरी लागली.

मधल्या धुऱ्याच्या बांधापलीकडे धाकट्या जावेचा, आवडाबाईचा हरभरा. उशिरा पेरलेला, हिरवागार. अळी तिथेही पोचली होती, पण दाणा अजून शाबूत होता.

दहा वर्षं पेरणीची पहिली मूठ सोजरबाईची होती. आवडा घरात आली आणि सासूने, नानीबाईने, ती मूठ तिच्या हातात दिली. "आवडीचा हात गुनाचा हाय," म्हातारी चारचौघींत म्हणायची. तेव्हापासून सोजरबाई जेवायला बसली की आवडाच्या हाताकडे बघे. काळासावळा हात, करंगळी वाकडी. काय आहे त्यात?

आवडा रोज पहाटे दवात फडकं अंथरून हरभऱ्याची आंब टिपायची, घरात कुणाचं पोट दुखलं तर लागते म्हणून. टिपता टिपता गायची:

हिरवं माहं वावर, दहिवरानं न्हालं बाई,
जावेच्या पाऊली, लक्षुमी धुऱ्यावर येई.

म्हणे जावेच्या पाऊली! सोजरबाईला ते बोल खडा मारल्यासारखे लागत.

पटकीच्या साली गावाने मरीमायचा गाडा हळदकुंकू लावून शिवेपार ढकलला होता. पलीकडच्या गावाचं काय झालं ते त्या गावाला ठाऊक. इथलं दुखणं गेलं होतं. शीव काय आणि धुरा काय! सोजरबाईने गाडग्याला हळदीचं बोट लावलं, कडुनिंबाचा डहाळा बुडवला आणि धुरा ओलांडला. ओळीमागून ओळ शिंपीत गेली.

"जाय माय, इकडं जाय. इकडं लय हिरवं हाय."

रिकामं गाडगं तिने धुऱ्यावर पालथं घातलं. मरीला परत यायला वाट नको.

पाचव्या दिवशी आवडाच्या झाडांच्या शेंड्यांवर अळ्या उलट्या लटकलेल्या दिसल्या. त्या दिवशी सोजरबाई एक भाकर जास्त जेवली.

मग ती झाडं वाळायची वाट पाहू लागली. ती वाळली नाहीत. मरी लागली ती अळीलाच; अळी गेली आणि झाडांनी मान वर काढली. घाटे भरले, टपोरले, फांद्या भुईला टेकल्या. गावभर हरभरा पोकळ गेला. खळ्यावर आला तो एकट्या आवडाचा.

रास लागली त्या दिवशी नानीबाई सुपात दाणे घेऊन बसली. बायका जमल्या. आवडा आली ती हळदीचं बोट लागलेलं गाडगं हातात घेऊन. सोजरबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्याबाई," आवडा म्हणाली, "अळीवर ह्या बाईनं औषिदाचं पानी शिंपलं. बाजाराच्या दिशी फडकं इसरलं म्हून मी वावरात परत गेलती, माह्या डोयानं पाह्यलं. पुढल्या सालची मूठ हिच्याच हातानं पडू द्या."

म्हातारीने थोरल्या सुनेचा हात ओढला आणि सुपातले दाणे त्यात ओंजळभर ओतले. बायका मान डोलवत राहिल्या. सोजरबाईला ते दाणे हातात धरवेनात. तिने आवडाला कडब्याच्या गंजीआड नेलं.

"आवडे, मी औषिद नाई शिंपलं वं. मी मरी सोडली तुह्या वावरात."

"ठावं हाय. आयकत होती मी. त्याच दिशी झिंज्या उपटनार होती तुमच्या. हे गाडगं पंचाईतीपुढं ठेवाले उचललं होतं."

"मंग काहून नाई ठेवलं?"

आवडाने वाकड्या करंगळीने कपाळावरचा भुसा पुसला आणि हसली.

"पाचव्या दिशी अळ्या लटकल्या ना. असंच जळत राहा, बाई, माह्यावर. माहं वावर पिकते."