कॅसिमिरचं स्कोअरबुक

माझा नवरा कॅसिमिर क्रेगीबर्नच्या आमच्या घरात सोफ्यावर बसून अमेरिकेतलं बेसबॉल बघतो. शंभर वर्षांपूर्वी कोणी किती होमरन मारले ते त्याला पाठ आहे. माझी शिफ्ट किती वाजता असते, ते मात्र रोज विचारतो.

प्रत्येक मॅच तो स्कोअरबुकात टिपतो. तीन स्ट्राइक होऊन, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू वाया घालवून, फलंदाज आउट झाला की इंग्रजी के लिहायचा, आणि तिसऱ्या चेंडूला त्याने बॅटच फिरवली नसेल तर तो के उलटा लिहायचा. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याने हे ऐकवलंय. "मारायला जाऊन चुकला तर समजू शकतो," तो म्हणतो. "पण नुसतं उभं राहून बघायचं? असल्या माणसांची मला शिसारी येते."

मला विमानाने जावं लागेल इतक्या लांबच्या टूवूंबा शहरातल्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डची इनचार्ज म्हणून नोकरी मिळाली. येतोस का, विचारलं. "थांब गं, ही इनिंग संपू दे." आठवड्याने परत विचारलं तर मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. काल बॅग भरताना शेवटचं विचारलं. तो टीव्हीकडे बघत राहिला.

सकाळी मी एअरपोर्टला निघाले तेव्हा साहेब झोपलेले होते. स्कोअरबुकाचं नवीन पान उघडून फलंदाजाच्या जागी मी त्याचं नाव लिहिलं.


पुढच्या चौकोनात के काढला. उलटा.