कोरडा कापूस

इंग्लंडात, लेस्टर शहरातल्या घरी दर रविवारी दिगंबरराव ई-सिगारेटचं कार्टोमायझर, म्हणजे तिची द्रव भरायची नळी, भरायला बसत. सिगारेट सुटावी म्हणून ती घेतली, आणि सहा वर्षं तीच सुटत नव्हती. माणूस हाडाचा घड्याळजी. बोटभर नळीतल्या कापसावर सिरिंजने निकोटिनच्या द्रवाचा एकेक थेंब सोडत, मग नळी लख्ख पुसत.

या रविवारी ते बागेत रमले, म्हणून वसुधाबाईंनीच नळी उघडली. कापूस खडखडीत कोरडा होता.

"अहो, धूळ बसलीय हिच्यावर," त्या खिडकीतून म्हणाल्या. "तुमच्या वस्तूवर धूळ?"

"तीन आठवडे हात लावलेला नाही," वाफ्यातून मान वर न करता ते म्हणाले. "तुला कधी कळतंय, तेच बघत होतो."

बाईंनी नळी पुसली नाही. धुळीसकट शोकेसमध्ये, दिगंबररावांना कारागिरीसाठी मिळालेल्या ढालीशेजारी ठेवली.